आकडा एक, वायू दोन



हिवाळा लागला, की चाळीसगाव घाटाकडून येणारा गार वारा आपल्या कन्नड परिसरातील दम्याच्या आणि जुन्या खोकल्याच्या रुग्णांची परीक्षा पाहू लागतो. करोनाच्या साथीनंतर अनेक घरांत आजोबांच्या खाटेशेजारी प्राणवायूचे यंत्र, म्हणजे कॉन्सन्ट्रेटर, दिसू लागले आहे. काही रुग्ण रात्री बायपॅपचा मास्क लावून झोपतात. गोळी जेवणाआधी घ्यावी की नंतर, हे चार वेळा विचारून घेणारे नातेवाईक या यंत्रांविषयी मात्र फारसे काही विचारत नाहीत. बटण दाबले, बोटाला ऑक्सिमीटर लावला, आकडा चांगला दिसला, की सर्वांना हायसे वाटते.

हा एक आकडा किती सांगतो आणि किती लपवतो, हे समजून घेण्यासाठी या वेळी आपण थोडे दूर, समुद्राच्या पाण्याखाली जाऊ. तेथे काही पाणबुडे असे यंत्र पाठीवर घेऊन उतरतात, की ज्यात स्वतः सोडलेला श्वासच शुद्ध करून पुन्हा घेतला जातो. त्याचे नाव रीब्रीदर. या यंत्राशी पाणबुड्याचे जे नाते असते, तेच खाटेशेजारच्या यंत्राशी आपले असावे, असे मला वाटते.

बुडबुड्यांतून निघून जाणारा प्राणवायू

मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. आपल्यापैकी कुणाचा नातू तेथे जाऊन आला असेल, तर त्याने दाखवलेल्या चित्रफितीत पाठीवरचा सिलिंडर आणि तोंडातून वर जाणारे बुडबुडे आपण पाहिले असतील. ती साधी पद्धत. सिलिंडरातून श्वास घ्यायचा आणि पाण्यात सोडून द्यायचा.

यात वाया किती जाते ते पाहा. आपण घेतो त्या हवेत प्राणवायू सुमारे २१ टक्के असतो आणि सोडतो त्या हवेत तो सुमारे १६ टक्के उरतो. म्हणजे घेतलेल्या प्राणवायूपैकी जेमतेम पाव भाग शरीर वापरते. बाकीचा जसाच्या तसा परत जातो. जमिनीवर याची खंत करण्याचे कारण नाही. पाण्याखाली मात्र दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. ३० मीटर खोलीवर प्रत्येक श्वासाला पृष्ठभागापेक्षा चौपट हवा खर्च होते, पण शरीराची प्राणवायूची गरज तेवढीच राहते. स्वस्थ बसलेल्या माणसाला मिनिटाला साधारण पाव लिटर प्राणवायू पुरतो. पोहताना तो लिटरभर लागू शकतो. उरलेले सारे बुडबुड्यांतून निघून जाते.

मग सोडलेला श्वासच पुन्हा का घेऊ नये? अडचण एकच असते. त्या श्वासात कार्बन डायऑक्साइड मिसळलेला असतो. शाळेत आपण चुन्याच्या निवळीत नळीने फुंकर घातल्याचे आठवते का? निवळी दुधाळ होत असे, कारण चुना हा वायू धरून ठेवतो. रीब्रीदरचे मर्म त्या शाळकरी प्रयोगातच आहे. पाणबुड्याचा उच्छ्वास नळीवाटे एका डब्यात जातो. डब्यात सोडा लाइम नावाचे, मुख्यतः चुन्याचेच, पांढरे दाणे भरलेले असतात. ते कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात. खर्च झालेल्या प्राणवायूची भर छोट्या सिलिंडरातून घातली जाते आणि तीच हवा छातीशी वा पाठीशी बसवलेल्या लवचीक पिशवीतून पुन्हा तोंडाशी येते. अशा रीतीने दोन-तीन लिटरच्या सिलिंडरावर माणूस बराच वेळ पाण्याखाली राहू शकतो.

आपली एखादी शस्त्रक्रिया पूर्ण भुलेखाली झाली असेल, तर आपणही अशा यंत्रातून श्वास घेतलेला असण्याची शक्यता आहे. भुलेच्या यंत्रावर बसवलेला दाण्यांचा पारदर्शक डबा हा रीब्रीदरमधील डब्याचाच सख्खा भाऊ. २०१८ साली थायलंडच्या गुहेत अडकलेल्या १२ मुलांची आणि त्यांच्या प्रशिक्षकाची सुटका झाली, तेव्हा पाण्याचा उपसा करण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही साहाय्याला गेले होते. तेथे मुलांना औषधाने गुंगी देऊन बाहेर काढण्याची जोखीम ज्यांनी घेतली, ते ऑस्ट्रेलियाचे डॉ. रिचर्ड हॅरिस व्यवसायाने भूलतज्ज्ञ आणि छंदाने गुहांतील पाणबुडे. रीब्रीदर त्यांच्या नित्य वापरातला. दोन्ही विद्यांचा पाया एकच आहे: दुसऱ्याचा असो वा स्वतःचा, यंत्रातून चाललेला श्वास क्षणभरही नजरेआड होऊ द्यायचा नाही.

अंधाऱ्या बोगद्यातील लँबर्ट

या यंत्राची पहिली मोठी कसोटी १८८० साली ब्रिटनमध्ये लागली. सेव्हर्न नदीच्या तळाखालून रेल्वेचा बोगदा खणला जात होता. १८७९ च्या ऑक्टोबरात भूगर्भातील झरा फुटून काम जलमय झाले. कामगार जीव घेऊन पळाले आणि आतला लोखंडी दरवाजा उघडाच राहिला. तो बंद केल्याखेरीज पाण्याचा उपसा पुरा होणे शक्य नव्हते.

अलेक्झांडर लँबर्ट हा पाणबुड्या प्रथम नेहमीच्या पोशाखात, वरून नळीने हवा घेत आत गेला. पण पाण्याने भरलेल्या भुयारात सुमारे ३०० मीटर ती लांबच लांब नळी ओढत नेणे माणसाच्या शक्तीबाहेरचे ठरले. तेव्हा हेन्री फ्लूस याने नुकतेच तयार केलेले नवे यंत्र मागवण्यात आले. त्यात तांब्याच्या टाकीत प्राणवायू होता आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड शोषण्यासाठी कॉस्टिक पोटॅशमध्ये भिजवलेले दोराचे धागे होते. फ्लूस स्वतः आत उतरला, पण त्या काळोखातून लवकरच माघारी आला. लँबर्टने त्याचेच यंत्र पाठीवर घेतले. पहिल्या खेपेला तो दरवाजापर्यंत पोहोचला, पण तेथून गेलेल्या रुळांपैकी एकच काढू शकला. दुसऱ्या खेपेला त्याने उरलेला रूळ काढून दरवाजा लोटला. पूर्ण अंधारात, केवळ हाताच्या स्पर्शावर विसंबून, तासाभराहून अधिक काळ तो त्या यंत्रातून श्वास घेत होता.

लँबर्टचे धैर्य वादातीत आहे. मात्र त्याच्यापाशी प्राणवायू किती आहे हे दाखवणारा आकडा नव्हता आणि कार्बन डायऑक्साइड किती साठला आहे हे सांगणारेही काही नव्हते. पुढच्या काळातील यंत्रांनी यांतील पहिली उणीव भरून काढली. दुसरी आजही पुरतेपणी भरून निघालेली नाही.

पाणबुड्याला काय जाणवते

आता हौशी पाणबुड्यांसाठीही रीब्रीदर तयार होतात. ज्यांनी ते वापरले, त्यांच्या सांगण्यात पहिली गोष्ट येते ती शांततेची. बुडबुडे नसल्याने आवाज नाही, आणि आवाज नसल्याने एरवी दूर पळणारे मासे अगदी जवळ येतात. दुसरी गोष्ट उबेची. चुन्याचे दाणे वायू शोषताना उष्णता आणि ओलावा निर्माण करतात. त्यामुळे सिलिंडराच्या कोरड्या, थंड हवेऐवजी उबदार, ओलसर हवा छातीत जाते. तिसरा अनुभव नवख्याला गोंधळात टाकणारा असतो. साध्या पद्धतीत दीर्घ श्वास घेतला, की शरीर किंचित वर तरंगते. येथे तसे होत नाही, कारण हवा केवळ पिशवीतून फुप्फुसात आणि फुप्फुसातून पिशवीत ये-जा करते. पाण्यातील बरीच वर्षांची सवय मोडून नवी लावून घ्यावी लागते.

या सुखाची किंमत सावधपणाने मोजावी लागते. पाण्यात उतरण्यापूर्वी पाणबुड्या छापील यादी हातात घेऊन एकेक बाब तपासतो. पाठ असली तरी यादी वाचूनच. दाणे केव्हा भरले, किती तास वापरले, हे लिहून ठेवतो आणि ठरलेले तास संपले, की दाणे चांगले दिसत असले तरी टाकून देतो. मग काठावर बसून, नाक बंद ठेवून, सुमारे पाच मिनिटे यंत्रातून श्वास घेत आकड्यावर नजर ठेवतो. प्राणवायू मोजणारे संवेदक बहुतेक यंत्रांत एकाहून अधिक, बहुधा तीन असतात. एक चुकला तर उरलेल्या दोघांची साक्ष असावी म्हणून. आणि एवढे करूनही सोबत एक साधा, वेगळा सिलिंडर असतो. काहीही विपरीत वाटले, तर कारण शोधत न बसता आधी त्यावर श्वास घ्यायचा आणि वर यायचे, असा दंडक आहे.

शरीराची घंटा कोणत्या वायूची?

एवढी दक्षता का, याचे उत्तर आपल्या शरीराच्या घडणीत आहे. श्वास रोखून धरला, की काही वेळाने जीव कासावीस होतो. आपल्याला वाटते की प्राणवायू कमी पडला. प्रत्यक्षात ती घंटा मुख्यतः वाढलेल्या कार्बन डायऑक्साइडची असते. श्वासाची गती प्रामुख्याने हाच वायू ठरवतो, हे जॉन स्कॉट हॉल्डेन आणि प्रीस्टली यांनी १९०५ साली दाखवून दिले. याच हॉल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन यांनी पाणबुड्यांच्या सुरक्षिततेसाठी स्वतःच्या देहावर प्रयोग केले. १९५७ साली ते भारतात येऊन स्थायिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला निवर्तले.

याचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. कार्बन डायऑक्साइड बाहेर जात राहिला आणि प्राणवायू तेवढा घटत गेला, तर घंटा फारशी वाजत नाही. रीब्रीदरमध्ये प्राणवायूची भर थांबली, तर पाणबुड्याला गुदमरल्यासारखे वाटत नाही. कधीकधी मन प्रसन्नही वाटते, आणि मग शुद्ध हरपते. करोनाच्या काळात ऑक्सिमीटरवर ८० चा आकडा असूनही गप्पा मारणारे रुग्ण आपण पाहिले. प्राणवायूची उणीव अशी मुकी असते. म्हणून आकडा पाहणे अत्यावश्यक आहे.

पण आकड्याची दुसरी बाजूही आहे. पाणबुड्याचे संवेदक प्राणवायू मोजतात. दाणे निकामी होऊन कार्बन डायऑक्साइड साठू लागला, तरी प्राणवायूचा आकडा उत्तम दिसू शकतो. तेथे पाणबुड्याला दाण्यांच्या तासांची नोंद आणि स्वतःची लक्षणे यांवरच भिस्त ठेवावी लागते: डोके दुखणे, धाप लागणे, विचारांचा गोंधळ.

आपल्या घरातील ऑक्सिमीटरचेही नेमके असेच आहे. तो रक्तातील प्राणवायूचा अंदाज देतो. कार्बन डायऑक्साइडविषयी एक अक्षरही बोलत नाही. आकडा एक, वायू दोन.

खाटेशेजारचा पाणबुड्या

बरीच वर्षे बिडी-सिगारेट ओढलेल्या किंवा चुलीच्या धुरात आयुष्य गेलेल्या काही वृद्धांना सीओपीडी हा फुप्फुसांचा जुना विकार असतो. त्यांतील काहींच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड मुळातच साठलेला असतो. अशा रुग्णाला धाप लागली, की घरचे घाबरून यंत्राचा प्रवाह दोनवरून पाचवर नेतात. आकडा ९८ होतो, सर्वांना समाधान वाटते आणि आजोबा शांत झोपी जातात. ही झोप फसवी असू शकते. गरजेपेक्षा अधिक प्राणवायूने अशा रुग्णांत कार्बन डायऑक्साइड आणखी वाढतो आणि गुंगी येते.

अधिक प्राणवायू म्हणजे अधिक हित, हे पाण्याखालीही खरे नाही. दाबाखालील प्राणवायू विषारी ठरतो, हे पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ सालीच मांडले होते. शुद्ध प्राणवायू घेऊन सहा मीटरपेक्षा खोल जाणाऱ्या पाणबुड्याला अचानक झटके येण्याचा धोका असतो. प्राणवायू हे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. कार्बन डायऑक्साइड साठण्याचा धोका असलेल्या सीओपीडीच्या रुग्णांसाठी ८८ ते ९२ हा टप्पा सामान्यतः योग्य मानतात. इतर आजारांत तो वेगळा असतो. आपल्या रुग्णाचा टप्पा आणि प्रवाह किती, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद यंत्रावरच चिकटवावा.

पाणबुड्याप्रमाणे आपणही एक यादी करून भिंतीवर लावावी. माझ्या मते तीत एवढे असावे:

१. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा. बोट थंड नसावे. नखाला रंग वा मेंदी नसावी.

२. आकड्याबरोबर माणूसही पाहावा. सकाळी डोके जड आहे का? दिवसा अवेळी गुंगी येते का? बोलणे असंबद्ध होते का? हात पुढे धरले असता पंजे फडफडतात का? यांपैकी काही दिसल्यास आकडा कितीही चांगला असो, डॉक्टरांना त्वरित कळवावे. स्वतःहून प्रवाह वाढवू नये आणि प्राणवायू एकदम बंदही करू नये.

३. यंत्राची जाळी आठवड्यातून एकदा धुऊन, पूर्ण वाळवून बसवावी. यंत्र भिंतीला वा पडद्याला टेकवू नये. ओलाव्याच्या बाटलीतील पाणी रोज बदलावे. ते डिस्टिल्ड किंवा उकळून थंड केलेले असावे.

४. नळीला कोठे मोड पडली नाही ना, ती खाटेच्या पायाखाली दबली नाही ना, हे रात्री निजण्यापूर्वी हाताने चाचपून पाहावे.

५. बायपॅपच्या मास्कला किंवा नळीला बारीक छिद्रे असतात. सोडलेला श्वास तेथून बाहेर जातो. हवा बोचते म्हणून त्यांवर चिकटपट्टी लावू नये की पांघरूण ओढू नये.

६. वीज जाऊन बायपॅप थांबला, तर मास्क लगेच काढावा. तो तसाच राहिला, तर रुग्ण स्वतःचाच श्वास पुन्हा घेऊ लागतो, आणि येथे चुन्याचे दाणे नाहीत! ज्यांना स्वतः मास्क काढता येत नाही, त्यांच्याजवळ रात्री कुणीतरी निजावे.

७. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून भरलेला सिलिंडर, त्याची चावी आणि चालू बॅटरी हाताशी असावी. घरातील दोघांना तरी सिलिंडर उघडता यावा. अंधारात शिकण्याची वेळ येऊ नये.

८. प्राणवायू चालू असताना खोलीत निरांजन, उदबत्ती, बिडी, शेगडी काहीही नसावे. देवघर त्याच खोलीत असेल, तर दिवा दुसरीकडे लावावा.

९. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याखेरीज देऊ नये. ती श्वासाची उरलीसुरली घंटाही मंद करते.

शेगडी आणि विहीर

ज्यांच्या घरी असे यंत्र नाही, त्यांनाही ही मुकी उणीव दोन ठिकाणी गाठू शकते.

पहिले ठिकाण बंद खोलीतील शेगडी. थंडीत दारे-खिडक्या लावून निखारे ठेवले, की कार्बन मोनॉक्साइड जमतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि गुदमरल्याची जाणीवही नाही. विशेष म्हणजे या विषबाधेत ऑक्सिमीटर खोटाच चांगला आकडा दाखवू शकतो. एकाच खोलीतील दोघा-तिघांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी आली, तर सर्वांनी आधी उघड्यावर यावे आणि लगेच रुग्णालय गाठावे.

दुसरे ठिकाण जुनी विहीर. उन्हाळ्यात पाणी आटले, की गाळ काढण्यासाठी किंवा मोटार काढण्यासाठी माणसे उतरतात. बरीच वर्षे बंद असलेल्या विहिरीच्या तळाशी प्राणवायू अपुरा असू शकतो. विहिरीत डिझेल इंजिन चालवले, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. गोबरगॅसची आणि शौचालयाची टाकी याहून घातक. उतरलेला माणूस हाक न मारताच कोसळतो. त्याला काढायला भाऊ उतरतो, मग मुलगा, आणि एका घरातील दोन-तीन माणसे जातात. कंदील सोडून पाहण्याची जुनी पद्धत विषारी वायू ओळखत नाही, आणि गोबरगॅसच्या टाकीत तर ती स्फोटाला निमंत्रण देते. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांच्या शब्दाला मोल असते. कमरेला दोर बांधल्याशिवाय आणि वर ओढायला माणसे उभी असल्याशिवाय कुणालाही उतरू देऊ नका. कुणी कोसळलाच, तर दुसऱ्याला खाली जाण्यापासून रोखा, दोराने वर ओढा आणि ११२ व १०८ या क्रमांकांवर कळवा. आपली ती एक हाक घरातील दुसरा जीव वाचवील.

पाणबुड्यांच्या आरोग्याची विद्या आपल्या राज्यातही जोपासली जाते. मुंबईत कुलाब्याच्या अश्विनी या नौदल रुग्णालयाच्या आवारात नाविक वैद्यकाची संस्था आहे. तेथवर जाण्याची गरज आपल्याला बहुधा पडणार नाही. पण पाणबुड्याची शिस्त आपण आजच घरी आणू शकतो. यादी वाचून तपासणे, आकडा लिहून ठेवणे, जवळ दुसरा सिलिंडर ठेवणे आणि आकडा चांगला दिसला तरी माणसाच्या चेहऱ्याकडे पाहणे, एवढीच ती शिस्त.

आज संध्याकाळी आकडा लिहून झाल्यावर आजोबांशी चार वाक्ये बोला. ती त्यांनी नीट, जागेपणी आणि आपल्या नेहमीच्या शैलीत परत केली, तर ज्या वायूचा आकडा आपल्यापाशी नाही, त्याचीही थोडी खबर आपणांस मिळालेली असेल.

आपणां सर्वांना हा हिवाळा सुखाचा जावो.